मेथिओनिनने मेंढीची लोकर वाढते का?

प्रश्न: माणगावजवळ राहतो. घाटावरून उतरणाऱ्या धनगर मामांकडून काही दख्खनी मेंढ्या घेतल्या. खायला भाताचा पेंढा नि कोंडा. लोकर विरळ, बोटांत ओढली की तटकन तुटते. दुकानदार मेथिओनिन पावडर घ्या म्हणतो. देऊ का?

उत्तर: दादा, साधी पावडर नको. लोकर म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन, त्यात गंधकवालं सिस्टीन हे अमिनो आम्ल (प्रथिनाची वीटच म्हणा) भरपूर, आणि ते मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून शरीरात बनतं. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियात रीस आणि शिंकेल यांनी ही अमिनो आम्लं थेट चौथ्या पोटात सोडली; लोकर वाढली, तिच्यातलं गंधकही वाढलं. तोंडावाटे दिलेली पावडर मात्र कोटीपोटातले (पहिल्या, मोठ्या पोटातले) जंतूच बरीचशी फस्त करतात. लेप दिलेली टिकते, पण महाग. दख्खनी लोकरीच्या भावात ते परवडणार नाही हो!

उत्तर: नुसत्या पेंढ्यावर प्रथिनंच कमी पडतात, लोकर तुटते ती त्यामुळेही. शेंगदाणा पेंड नि शेवरीचा पाला सुरू करा. आपल्याकडच्या दमट हवेत पेंडीला बुरशी लवकर धरते, वास घेऊनच घाला. आणि गंधक मनाने वाढवू नका, जास्त झालं की अंगातलं तांबं कमी पडतं.

प्रश्नकर्ता: शेवरी बांधावर आहेच, आजपासून तोडतो. पेंड किती द्यायची, वजनाप्रमाणे सांगाल का?