ॲक्रिलिक कापताना फीड किती ठेवावा?

प्रश्न
10 मिमी जाडीच्या ॲक्रिलिक शीटमधून सीएनसी राउटरवर (संगणकाच्या आज्ञेने कापणारे यंत्र) भाग कापत आहे. कटर 6 मिमीचा, दोन धारांचा. स्पिंडल (कटर फिरवणारा दांडा) 18,000 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तितक्या वेळा फिरतो, आणि फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, मिनिटाला 900 मिमी आहे. थोडे अंतर कापले की कीस वितळून कटरला चिकटतो. फीड 600 पर्यंत उतरवला, तर त्रास वाढला. फीड नेमका कशावरून ठरवावा?

उत्तर 1
फीड उतरवल्यावर त्रास वाढला, यातच कारण दिसते. फीडला आरपीएम आणि धारांच्या संख्येच्या गुणाकाराने भागले की प्रत्येक धार किती जाडीचा कीस काढते ते कळते. आपल्या बाबतीत ते 0.025 मिमी येते, आणि इतक्या पातळ थरात धार कापण्याऐवजी घासत राहते. ॲक्रिलिक उष्णतेचे मंदवाहक असून साधारण 105 अंश सेल्सिअसला मऊ पडते, त्यामुळे निर्माण झालेली उष्णता किसाबरोबरच बाहेर पडायला हवी. प्लॅस्टिकसाठी मिळणारा एकाच धारेचा, गुळगुळीत खाचेचा (जिच्यातून कीस बाहेर निघतो) कटर घ्यावा, त्याच आरपीएमवर फीड 1,800 पासून सुरुवात करून 2,700 पर्यंत जावे (म्हणजे 0.1 ते 0.15 मिमी) आणि एका फेरीत सुमारे 3 मिमीच खोली घ्यावी. कीस सुटा, कोरडा पडला तर फीड योग्य आहे. भुकटी पडत असेल तर तो अजून कमी आहे.

उत्तर 2
वरील हिशेब बरोबर आहे, मात्र कोपऱ्यांकडे लक्ष द्यावे. प्रोग्रॅममध्ये 2,700 लिहिले तरी लहान वळणांवर यंत्र वेग कमी करते, आरपीएम मात्र तेवढाच राहतो, म्हणून सरळ कडा स्वच्छ येऊनही नेमके कोपरेच वितळतात. अशा भागांसाठी आरपीएम 12,000 पर्यंत आणून फीड त्याच प्रमाणात उतरवणे मला अधिक सुरक्षित वाटते. शीट एक्सट्रूडेड (दाबाने फटीतून काढलेली) असेल, तर ती कास्ट (साच्यात ओतून केलेल्या) शीटपेक्षा लवकर चिकटते. उलट, कडेचे टवके उडू लागले तर फीड जास्त झाला आहे किंवा शीट नीट दाबून धरलेली नाही.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. थंड करण्यासाठी स्पिरिट फवारले तर चालेल का?

उत्तर 1
कृपया फवारू नये. कापताना आत राहिलेल्या ताणावर अल्कोहोल पडले की ॲक्रिलिकमध्ये बारीक तडे जातात, आणि ते कधीकधी बऱ्याच काळाने दिसतात. दाबाची हवा थेट कटरच्या टोकावर सोडावी. ती थंडही करते आणि कीस पुन्हा कापला जाण्यापूर्वी खाचेतून बाहेर काढते. शेवटच्या फेरीसाठी कडेला 0.3 मिमी राखून ठेवावे.