शिवडीच्या चिखलावरचे पाणपक्षी आणि तिवरं: मोजणीची पद्धत सुचवा

नमस्कार मंडळी,

मी परळच्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. अकरावीच्या मुलांना घेऊन शिवडी जेट्टीसमोरच्या चिखलावर वर्षानुवर्षं चालेल असा अभ्यास सुरू करायचा आहे. दर वर्षी बॅच बदलली तरी आकडे एकमेकांशी ताडून बघता आले पाहिजेत, हा माझा हट्ट.

काठाची तिवरं (खारफुटीची झाडं) पुढे सरकतायत, मोकळा चिखल आक्रसतोय, असं तिथले जुने लोक सांगतात. तसं असेल तर चिखलातच खाणं शोधणाऱ्या तुतवार, चिखल्या, पाणटिवळ्यांना जागा उरणार नाही. फ्लेमिंगो बघायला गर्दी होते, पण या करड्या-तपकिरी पक्ष्यांकडे कुणाचं लक्षच जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अडचण अशी की एक दिवस चिखल पक्ष्यांनी भरलेला असतो आणि दोन दिवसांनी जवळपास रिकामा. मग पाच वर्षांनी आकडा घटला, तर पक्षी घटले की आमची वेळ वेगळी होती, हे कसं ओळखायचं? दुर्बिणी आहेत, स्पॉटिंग स्कोप उसना मिळेल. ड्रोन नको, थवे उठतात. उपग्रहाच्या चित्रांवरून चिखल मोजता येतो म्हणतात, ते मुलांना जमेल का?

खाडीकाठ: मॅडम, तिथी धरा. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास लागते आणि पुढे रोज साधारण पाऊण तास उशिरा. अष्टमीला ती सहाच्या आसपास येते. आमच्या घरात होडी कधी काढायची ते याच हिशोबाने ठरतं. तिथी एकच ठेवली की पाणी आणि ऊन दोन्ही दर खेपेला त्याच जागी मिळतं.

सकाळी मात्र जाऊ नका. जेट्टीवरून तोंड पूर्वेला होतं, ऊन थेट डोळ्यांत येतं. पक्षी नुसते काळे दिसतात, पायांचा रंगही कळत नाही. पौर्णिमेला दुपारी तीनला उभ्या राहा. पाणी उतरत असतं, काठाजवळचा चिखल आधी उघडा पडतो, पक्षी तिथेच उतरतात आणि ऊन तुमच्या पाठीमागे असतं. उशीर झाला की पाण्याच्या मागोमाग ते पार लांब जातात. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांतले आकडे उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या आकड्यांत मिसळू नका.

दुर्बीण: तिथीचा मुद्दा लाखमोलाचा. त्यात भर घालतो. मोजायचा पट्टा आधी आखून घ्या. डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी कायमची खूण धरा, त्याबाहेरचा पक्षी कितीही दुर्मीळ असला तरी मोजणीत नाही. उभं राहायची जागा, मिनिटं आणि माणसं ठरलेली असू द्या. एकही पक्षी दिसला नाही तरी शून्य लिहा, ती ओळ गाळू नका.

दोन मुलांना एकाच वेळी तोच पट्टा मोजायला लावा. एकमेकांशी बोलायचं नाही, वह्या वेगळ्या. दोघांच्या आकड्यांत जो फरक पडेल, त्यावरून नजरेतून किती सुटतं याचा अंदाज येतो, आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी मोजायचे, त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत धरायची आणि तेवढे तुकडे पाडत जायचं.

हे पक्षी बहुतेक हिवाळी पाहुणे, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुरे. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते. तुमची एक मोजणी त्या काळात ठेवा आणि पूर्ण यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवा.

नकाशेवाली: उपग्रहाबद्दल सांगते. सेंटिनेल-2ची चित्रं फुकट मिळतात, एक ठिपका म्हणजे 10 मीटर. पण हा उपग्रह मुंबईवरून जातो सकाळी अकराच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला तेव्हा भरती भरत आलेली असते, चिखल पाण्याखाली. उधाणाची पूर्ण ओहोटी पहाटे सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास, म्हणजे सगळ्यात जास्त उघडा चिखल या चित्रांत कधी येतच नाही. त्यामुळे चित्रावरून चिखलाचं क्षेत्रफळ काढू नका. तिवरांची बाहेरची कड आखा, ती भरतीतही दिसते. दर वर्षी पावसाळ्यानंतरचा एकच महिना घ्या. लँडसॅट या दुसऱ्या उपग्रहमालिकेचा साठा 1972 पासूनचा आहे, पण सुरुवातीची चित्रं फार भरड.

कड दोन-चार मीटर सरकली तर वरून कळणार नाही, तिथे टेपच हवी. जमिनीकडून पाण्याकडे सरळ रेघ धरा, तिच्यावर 10 बाय 10 मीटरचे चौकोन आखून झाडांची जात आणि खोडाचा घेर लिहा. कडेच्या पुढे चिखलात एक-एक मीटरच्या चौकोनांत रोपं मोजा, तिवरं कुठे निघालीत ते रोपंच आधी सांगतात. मात्र तिवरांची चिखलातून वर आलेली श्वसनमुळं तुडवू नका आणि आत सगळ्या वर्गाला नेऊ नका. त्याआधी कॉलेजच्या लेटरहेडवर बंदर प्राधिकरण आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष, दोन्हीकडे पत्र द्या.

मूळ प्रश्नकर्ती: मनापासून आभार! पौर्णिमेलाच परीक्षा आली तर?

खाडीकाठ: एखादा दिवस मागेपुढे चालेल. घड्याळातले तीन नका धरू, भरतीनंतर तीन तास धरा. प्रतिपदेला गेलात तर पावणेचार वाजतील. वहीत तिथी आणि भरतीची वेळ दोन्ही लिहायला सांगा मुलांना.