एपिस्कोपल चर्चमध्ये बाप्तिस्म्याला जायचंय, काय काय माहीत हवं?

जर्सीची_सून
ऑफिसातल्या मैत्रिणीच्या तान्ह्या मुलीचा बाप्तिस्मा आहे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहाला. चर्च एपिस्कोपल आहे म्हणे. मी आजवर चर्चमध्ये गेलेय ती गोव्यात, फोटो काढायला. सोबत सांगलीहून आलेल्या सासूबाई. त्यांचा पहिला प्रश्न, "चपला कुठे काढायच्या?" माझे प्रश्न: कपडे कसे, किती वेळ लागतो, पैसे किती टाकायचे, आणि तो प्रसाद घ्यायचा की नाही? आम्ही शाकाहारी आहोत.

गारठलेला_पुणेकर
चपला पायातच ठेवा. साडी, कुंकू सगळं चालतं. सव्वा तास धरून चाला.

माझा पहिल्या खेपेचा पचका सांगतो. मानाचे पाहुणे म्हणून थेट पहिल्या बाकावर जाऊन बसलो. तिथे सारखी उठबस असते. गाणं आलं की उभं राहायचं, वाचनाला बसायचं, मग पुन्हा उभं. पुढे कोणीच नाही, बघून करणार कुणाचं? शुभवर्तमानाचं, म्हणजे येशूच्या चरित्राचं, पुस्तक मिरवत मधल्या वाटेवर आणलं, अख्खं चर्च उभं राहून तिकडे वळलं, आणि मी एकटा वेदीकडे तोंड करून बसलेला! तेव्हा मागून चौथा-पाचवा बाक धरा. काहीजण मध्येच गुडघे टेकतात, ते सक्तीचं नाही.

दारात छापील पत्रिका देतात, ती सोडू नका. सगळ्यांनी मिळून म्हणायचं ते त्यात ठळक छापलेलं असतं. समोरच्या बाकाच्या पाठीला पुस्तकं असतात. बहुतेक ठिकाणी लाल ते १९७९चं प्रार्थनापुस्तक, निळं ते गाण्यांचं.

नगरची_माहेरवाशीण
मी ख्रिस्ती, माहेरची मंडळी सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. इथे आल्यावर एपिस्कोपल चर्चमध्ये जायला लागले आणि परकं असं वाटलंच नाही, कारण दोन्हीकडे अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचं वळण. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ कोण घेणार? म्हणून इथल्यांनी १७८९मध्ये आपला वेगळा संसार थाटला. आपल्याकडचे अँग्लिकन १९७०मध्ये सीएनआयमध्ये सामील झाले. मुंबईच्या चर्चगेटला ज्या सेंट थॉमस कॅथीड्रलवरून नाव पडलं, तेही याच घराण्यातलं.

आता 'प्रसाद'. आम्ही त्याला प्रभुभोजन म्हणतो. भाकर आणि द्राक्षारस. द्राक्षारस म्हणजे खरी वाईन बरं का. भाकर साधी पिठाची, शाकाहाराची अडचण नाही. पण नियमाने ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं, त्यामुळे देवळातल्यासारखा हात पुढे करू नका. जागेवर बसून राहा, नाहीतर रांगेतून पुढे जाऊन दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवा. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, नुसता आशीर्वाद देतात. माझे मिस्टर हिंदू आहेत, ते कायम तेच करतात.

त्याच्या आधी सगळे एकमेकांना 'पीस' म्हणत हात मिळवतात. सासूबाईंनी नमस्कार केला तरी उत्तम. पाळक बाई असतील तर सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. इथे १९७६मध्येच स्त्रियांना पाळकपद खुलं झालं.

बाप्तिस्मा प्रवचनानंतर. पाळक जमलेल्या सगळ्यांना विचारतात, या बाळाला आधार द्याल ना? सगळे एका सुरात 'वी विल' म्हणतात. ते तुम्हीही मनापासून म्हणा, त्याला धर्म आड येत नाही. मग डोक्यावर तीनदा पाणी. बाळ हमखास रडतं.

पैशांचं म्हणाल तर ताट फिरतं. पाहुण्यांकडून कुणी अपेक्षा धरत नाही, तसंच पुढे सरकवलंत तरी चालेल. मी असते तर पाच-दहा डॉलर टाकले असते.

घड्याळवाला
नोव्हेंबरचा पहिला रविवार ना? त्याच पहाटे इथे उन्हाळी वेळ संपून घड्याळ एक तास मागे जातं. भिंतीवरच्या घड्याळावर विसंबलात तर नऊलाच दारात उभ्या राहाल.

जर्सीची_सून
बाप रे, हे डोक्यातच नव्हतं! सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न, माझा नाही. सर्व्हिसनंतर, म्हणजे उपासना संपल्यावर, कॉफी असते असं ऐकून सासूबाई विचारताहेत, दिवाळीचा चिवडा नेला तर चालेल का?

नगरची_माहेरवाशीण
न्या की, कॉफीच्या टेबलावर लोक घरचं काहीबाही ठेवतातच. फक्त डब्यावर 'शेंगदाणे आहेत' अशी मोठ्या इंग्रजी अक्षरांत चिठ्ठी लावा, कुणाला ॲलर्जी असू शकते.