आजारी मांजराच्या तपासण्या आणि खर्च: तुम्ही कसं जमवता?

गोदाकाठची
दिवाळीची आवराआवर चालू आहे. माळ्यावरून ठकीची फाईल निघाली. रक्ताचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले, सोनोग्राफीचा कागद पार फिका पडलाय. तिला जाऊन बरीच वर्षं झाली, पण क्रिएटिनिनचे (किडनी किती काम करते ते सांगणारे) आकडे दिसले आणि पोटात तेव्हासारखाच गोळा आला.

किडनीचं दुखणं. बरं होणारं नव्हतंच, सांभाळायचं होतं. सांभाळायचं म्हणजे दर थोड्या महिन्यांनी रक्त, लघवी, बीपी. घरात एक पगार, त्यात मुलाचं दहावीचं वर्ष. शेवटी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, महिन्याला एवढेच निघतात, यात काय बसवायचं ते तुम्हीच सांगा. त्यांनी कागद ओढला आणि दोन रकाने केले. ज्याच्या निकालावर औषध किंवा खाणं बदलेल त्या तपासण्या एकीकडे, नुसती माहिती देणाऱ्या दुसरीकडे. क्रिएटिनिन, फॉस्फरस, पोटॅशियम, लघवीतलं प्रोटीन आणि बीपी पहिल्या रकान्यात. सोनोग्राफी एकदा नीट झाली होती, ती दुसऱ्यात. तो कागद अजून फाईलमध्ये आहे. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

ज्यांच्याकडे आत्ता असं मांजर आहे त्यांच्यासाठी लिहा. तुम्ही कसं जमवलंत?

सिडकोवाला
आमच्या बोक्याला साखर आहे. दवाखान्यात नेलं की भीतीनेच आकडा चढतो, त्यावर इन्सुलिन ठरवता येत नाही. फ्रुक्टोसामाइन केलं तर मागच्या दोनेक आठवड्यांचा अंदाज येतो, पण दरवेळी कुठून करणार? म्हणून घरीच ग्लुकोमीटर. रुमाल गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा, कानाला धरायचा. कड गुलाबी झाली की बारीक सुई टोचायची, टपोरा थेंब येतो. माणसांचा मीटर मांजराची साखर जरा कमी दाखवतो. डॉक्टरांना कोणता मीटर ते सांगून ठेवा आणि तोच वापरत राहा. वहीच्या पानाचा फोटो त्यांना पाठवतो, डोस तेच ठरवतात.

पंचवटीची सून
कानाला टोचू देतो???? आमची राणी नखं कापायची म्हटलं तरी घर डोक्यावर घेते

सिडकोवाला
आधी उकडलेल्या चिकनचा तुकडा दाखवायचा ताई. आता मीटरची पिशवी दिसली की स्वतःच येऊन बसतो 😀

देवळालीकर
लॅब बदलू नका. प्रत्येक लॅबची मशीन वेगळी, आज इथला आणि पुढच्या खेपेला तिथला आकडा लावून काहीच कळत नाही. स्वस्त पडतं म्हणून माणसांच्या लॅबमध्ये सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, तर नकोच. मांजराच्या प्लेटलेट आणि लाल पेशी आकाराने जवळजवळ असतात, मशीन फसते. शिवाय प्लेटलेटचे गठ्ठे होतात आणि आकडा उगाच कमी येतो. आमच्याकडे असाच घाबरवणारा रिपोर्ट आला होता. डॉक्टरांनी काचेवर थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली पाहिलं, गठ्ठेच गठ्ठे. पुढच्या महागड्या तपासण्या तिथेच टळल्या.
नळीत रक्तातल्या लाल पेशी फुटल्या तरी फॉस्फरस खोटा वाढून येतो. सँपलवर तसा शेरा आहे का ते बघत जा.

इंदिरानगर मावशी
वजन करा रे बाळांनो. फुकटची तपासणी आहे. ४ किलोच्या मांजराचं २०० ग्रॅम गेलं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलो जाण्यासारखं, आणि हाताला ते कळतही नाही. मी प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा घेतलाय. झाकणाच्या टोपलीत सोनीला बसवायचं, टोपली हुकाला, मग टोपलीचं वजन वजा. दर रविवारी कॅलेंडरवर लिहिते. वजन टिकून आहे, खाणं ठीक आहे, तर डॉक्टर स्वतःच म्हणतात की या वेळी रक्त पुढे ढकलू.

म्हसरूळ_एमएच१५
एसडीएमए, ती किडनीसाठीची रक्ताची तपासणी, कोणी केलीये का? खूप महाग सांगतायत. गरज आहे का?

गोदाकाठची
क्रिएटिनिन उशिरा चढतं, किडनीचं बरंचसं काम गेल्यावर. एसडीएमए त्याआधी सांगते, म्हणून म्हातारं होत चाललेल्या मांजरासाठी तिचा उपयोग. निदान झालंय, क्रिएटिनिन वाढलेलंच आहे, तर दरवेळी कशासाठी असं विचारा. पण मांजर फार वाळलं असेल तर स्नायू कमी झाल्यामुळे क्रिएटिनिन फसवं कमी दिसतं, तिथे एसडीएमएचे पैसे वाया जात नाहीत. लघवीचं घनत्व मात्र नक्की करून घ्या, बहुतेक दवाखान्यात छोट्या यंत्रावर एका थेंबात होतं.

पंचवटीची सून
लघवी पकडायची कशी पण

देवळालीकर
मत्स्यालयात घालतात ते खडे. धुऊन वाळवून ट्रेमध्ये मातीऐवजी घालायचे, ते लघवी शोषत नाहीत. सिरिंजने ओढून लगेच दवाखान्यात. जंतू बघायचे असतील तर हे चालत नाही, त्याला डॉक्टरच पोटातून सुईने घेतात.

सातपूरचा विन्या
सलाईनचं बोला कोणीतरी. दवाखान्यात रोज नेणं म्हणजे कामावर खाडा

गोदाकाठची
घरी शिक, जमतं. आरएलच्या (रिंगर लॅक्टेट सलाईनच्या) बाटल्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून गोळे कॉलनीतून होलसेलमध्ये आणायचो. बाटली खिडकीच्या गजाला. द्रव आधी कोमट पाण्यात ठेवून अंगाइतका करायचा, गार गेलं की मांजर उठून पळतं. खांद्यामागची कातडी चिमटीत उचलून तंबू करायचा आणि सुई त्यात. पाठीवर उंटासारखा फुगा येतो, घाबरू नकोस, हळूहळू जिरतो. किती द्यायचं ते डॉक्टर सांगतील. जास्त झालं तर छातीत पाणी होतं.

सातपूरचा विन्या
धन्यवाद ताई. उद्याच विचारतो त्यांना

आडगाव नाका
बैलघोडा जनावरांच्या हॉस्पिटलला नेलंय का कोणी? इकडे सांगतायत मुंबईला दाखवा

सिडकोवाला
परळला ना? आम्ही नेलं होतं पहाटे निघून. कसारा घाटात बोक्याने टोपलीत सगळा कार्यक्रम उरकला, खिडक्या उघड्या टाकून पुढचा प्रवास. जुने सगळे रिपोर्ट बरोबर घेऊन जा, नाहीतर तेच रक्त परत काढतात.

आडगाव नाका
😂 जुना टॉवेल घेतो बरोबर. जाताना इगतपुरीला चहाला थांबतो आम्ही नेहमी, मांजर बरोबर असताना जमेल का तिथे

देवळालीकर
गाडीत कोणीतरी बसून राहा म्हणजे जमेल. टोपली उघडू नका.

इंदिरानगर मावशी
एका ठिकाणी पैसे बघू नका. बोका मातीत जाऊन बसतोय, जोर लावतोय आणि लघवी येत नाहीये, तर रात्र असली तरी पळा. अडलेली लघवी एक-दोन दिवसांत जीव घेते. आणि माणसांची तापाची पॅरासिटामॉल मांजराला कधीही नाही, अर्धी पण नाही.

उपनगरची जुई
माझ्या गुंडीची किडनी शेवटच्या टप्प्यात आहे. काल डॉक्टर म्हणाले आता रक्त काढून काही वेगळं करणार नाही आहोत. मग मी नाही म्हटलं. घरातले म्हणतायत पैशासाठी थांबवलंस. रात्रभर झोप नाही.

गोदाकाठची
जुई, ठकीच्या शेवटच्या दिवसांत आम्हीही रक्त काढायचं थांबवलं होतं. सुई वाचली, गाडीचा प्रवास वाचला. मळमळीचं औषध आणि आवडीचं खाणं, एवढंच ठेवलं. तू योग्य केलंस. घरच्यांना डॉक्टरांशीच बोलायला लाव, तू एकटीने उत्तरं देत बसू नकोस.

इंदिरानगर मावशी
जुई बाळा, मी उपनगरला येते दर शुक्रवारी बहिणीकडे. सलाईन लावायला दुसरा हात हवा असेल तर सांग.

उपनगरची जुई
या ना मावशी. चार नंतर घरीच असते.

पंचवटीची सून
मावशी तो हुकाचा काटा कुठे मिळेल

इंदिरानगर मावशी
मेनरोडला बॅगांच्या दुकानात विचार. ग्रॅममध्ये दाखवणारा घे, अर्धा-अर्धा किलोने उड्या मारणारा नको.