नदीकाठचं दुकान, वर घर: पुराआधी काय करावं, विमा कोणता काढावा?

डोंगरीकाठ (चाळीसगाव तालुका)
राम राम. सातमाळ्याच्या पायथ्याशी बाजाराचं गाव. खाली कृषी केंद्र, वर राहणं. दुकानाला १० फुटी शटर. मागचं गोदाम जुनं, मातीच्या भिंती आणि धाब्याचं (मातीचं सपाट छत), नाल्याकडे तोंड. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्या फुगल्या तेव्हाची खूण दुकानात फरशीपासून अडीच फुटावर आहे. सीझनला माल २० लाखांचा, बँकेने सीसीवर (मालावरच्या कॅश क्रेडिट कर्जावर) काढलेली पॉलिसी १२ लाखांची. वाळूच्या गोण्या भरून ठेवाव्यात की शटरसमोर पाच फुटी भिंत घ्यावी? आणि वरच्या घराचा विमा वेगळा लागतो का?

पायाभरणी
भाऊ, खूण अडीच फुटावर असेल तर गोण्यांच्या भरवशावर राहू नका. १० फूट लांबीचा फूटभर उंच बांध घालायला साधारण ६० गोण्या लागतात. दोन फूट उंचीला २०० च्या वर जातात, कारण उंचीच्या तिप्पट पाया रुंद ठेवावा लागतो. आपल्याकडे पाऊस पडतो घाटमाथ्यावर आणि पाणी येतं रात्री. तेवढ्या वेळात २०० गोण्या भरून होत नाहीत. फूटभराच्या बांधापुरत्या ठेवा. गोणी अर्धी किंवा थोडी जास्त भरा, तोंड न बांधता खाली दुमडा, विटांसारखे सांधे मोडून रचा आणि प्रत्येक थर पायाने तुडवा. गच्च भरलेली गोणी नीट बसत नाही, पाणी फटींतून येतं.

शटरला फळ्या लावा. दोन्ही बाजूंच्या खांबांना लोखंडी सी-चॅनल, मध्ये काढता येणारा एक खांब, त्यात १८ मिमी मरीन प्लायच्या फळ्या, खालच्या फळीला रबराची पट्टी. मधला खांब टाळू नका. दोन फूट पाण्याचा १० फूट रुंदीवर साडेपाचशे किलोच्या आसपास दाब येतो, तीन फुटाला बाराशेच्या वर जातो. म्हणून पाच फुटी भिंतीचा विचार सोडा. पाणी तेवढं अडलं तर वीटकामच आत येईल. फळ्या दोन फुटांपर्यंतच ठेवा; त्यावर पाणी चढलं तर आत येऊ द्या, म्हणजे दोन्हीकडचा दाब सारखा होतो. फळ्यांनी फक्त वेळ मिळतो, माल वाचतो तो साडेतीन फुटांवरच्या रॅकमुळे. बियाणं आणि भुकटीची औषधं सगळ्यात वर. औषधाची एकही बाटली खाली नको, फुटली तर विष गल्लीभर जाईल.

फळ्या लावूनही आत पाणी दिसलं तर ते बऱ्याचदा मोरीतून आणि संडासातून आलेलं असतं. चेंबरकडे जाणाऱ्या लाईनवर एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) बसवा आणि दर उन्हाळ्यात उघडून साफ करा. झडपेत पिशवी अडकली की ती मिटत नाही. प्लग पॉइंट चार फुटांवर घ्या, खालच्या मजल्याला वेगळा एमसीबी (आपोआप पडणारा सुरक्षा स्विच).

धाब्याच्या गोदामाची मात्र काळजी वाटते. मातीची भिंत पाणी पिते आणि पूर ओसरल्यावर, एखाद्या दिवसाने, धाब्याच्या ओझ्याखाली बसते. पाणी गेलं म्हणून माणसं आत पाठवू नका. तिथे माल ठेवायचाच असेल तर तीन फुटांपर्यंत दगडी जोतं आणि सिमेंटची दर्जाभरणी (दगडांमधल्या सांध्यांत सिमेंट भरणं) करून घ्या.

पॉलिसीवाचक
दोन पॉलिसी वेगळ्या लागतात. १ एप्रिल २०२१ पासून आयआरडीएआयने (विमा नियामकाने) ठरवलेल्या एकाच नमुन्याच्या पॉलिसी आहेत: घराला ‘भारत गृह रक्षा’, दुकानाला ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ (एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत). दोन्हींत पूर आणि दरड धरलेले आहेत. गृह रक्षात इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, घरसामानाला आपोआप मिळतात. इमारतीची रक्कम बांधकाम खर्चावर काढा, जागेची किंमत त्यात धरायची नसते.

तुमची खरी अडचण त्या १२ लाखांत आहे. २० लाखांच्या मालावर १२ म्हणजे ६० टक्के. ५ लाखांचं नुकसान झालं तर त्याच प्रमाणात हातात ३ लाखच येतील. सूक्ष्म उद्यममध्ये १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, तुमची ४० आहे. खरिपाचा माल भरतो तेव्हाच पूर येतो, म्हणून वर्षाची सरासरी न धरता सगळ्यात भरलेल्या महिन्याची रक्कम धरा.

पॉलिसीचं शेड्यूल (तपशिलाचं पान) काढून पत्ता वाचा. गोदामाचा पत्ता त्यात नसेल तर तिथल्या मालाला विमा नाही. भिंती मातीच्या, छत धाब्याचं, हे प्रस्तावातच खरं लिहा. फक्त ‘स्टॉक’ लिहिलं असेल तर रॅक आणि संगणक बाहेर राहतात. बँकेचं कलम असलं की क्लेमचा पैसा आधी बँकेकडे जातो. हे सगळं उन्हाळ्यातच उरका, नदी चढायला लागल्यावर कुणी विमा देत नाही.

डोंगरीकाठ
पंचनामा होतो, मदतही मिळते ना? आणि पाणी ओसरल्यावर क्लेमसाठी आधी काय करायचं?

पॉलिसीवाचक
पंचनाम्याची मदत जगायला हात देते, नुकसान भरून काढत नाही. २०२२ ते २०२६ च्या आपत्ती निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाटीवर १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. पक्क्या घराची अंशतः पडझड असेल तर ६,५०० रुपये.

क्लेमसाठी मेन स्विच बंद केल्यावर पहिलं काम फोटो. भिंतीवरची पाण्याची रेघ टेप लावून घ्या, म्हणजे उंचीवर वाद होत नाही. लगेच कंपनीला फोन आणि ईमेल, क्लेम नंबर लिहून ठेवा. सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) येईपर्यंत काही फेकू नका, पण कोरडा माल वेगळा काढा. नुकसान वाढू न देणं ही तुमची जबाबदारी आहे.

युरिया विरघळून जातो, हाती फक्त रिकाम्या गोण्या उरतात. त्या धुऊन, मोजून, ढीग लावून ठेवा, पुरावा तोच आहे. बियाण्याचे लॉट नंबर पिशवीवरून उतरवा. सर्व्हेअर खतांचा साठा पॉस मशीनशी (खतविक्रीची नोंद होते त्या यंत्राशी) ताडून बघतो, आणि विकलेलं खत मशीनवर चढवायचं राहिलं असेल तर तिथेच रक्कम कापली जाते. खरेदीची बिलं आणि स्टॉक रजिस्टर दर आठवड्याला फोनमध्ये फोटो काढून ठेवा. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत जोडा, पण तो सर्व्हेच्या जागी चालत नाही.

पायाभरणी
टेम्पो पाण्यात उभा राहिला असेल तर सेल मारू नका. इंजिनात पाणी गेलेलं असताना चालू केलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि गाडीच्या विम्याला इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर जोडलेलं नसेल तर तो खर्च सहसा मिळत नाही. टो करूनच न्या.

पॉलिसीवाचक
क्लेम नाकारला किंवा कमी दिला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. सर्व्हे रिपोर्टची प्रत मात्र आधीच मागून घ्या.