विचर ४ चा प्रीव्ह्यू पाहून तुम्हाला काय काय आठवलं? (अनुभव धागा)

बर्डीवाला

काल जेवणं आटपल्यावर विचर ४ या येणाऱ्या व्हिडिओ गेमचा तो सहा मिनिटांचा ट्रेलर परत लावला, डिसेंबर २०२४ ला गेम अवॉर्ड्समध्ये दाखवला होता तोच. पोरगी बाजूला येऊन बसली, आठवीत आहे. गावातले लोक मिओनी नावाच्या पोरीला राक्षसासाठी जंगलात धाडतात, ते पाहून तिनं विचारलं, "बाबा, तिच्या घरचे काऊन काही बोलत नाहीत?" मग सिरी येते, ती या गेमची नायिका, विचर म्हणजे राक्षस मारणारी, त्या राक्षसाला, बौकला, मारते, पोरीला सांगते जा आता घरी, आणि स्वतः गावात येऊन पाहते तर गावकऱ्यांनीच पोरीला मारून टाकलेलं. माझी पोरगी गप्प झाली आणि उठून आईजवळ जाऊन बसली.

मला एकदम २०१५ आठवलं. विचर ३ (आधीचा भाग) मे महिन्यात आला होता, १९ तारखेला, आणि आठवड्यात आपला नवतपा सुरू. दिवसा घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही, कूलरला नवीन खसच्या ताट्या लावलेल्या, त्या ओल्या वासात मी कंट्रोलर घेऊन बसायचो आणि ही तेव्हा तीन वर्षांची, माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. पाय हलवला की उठेल म्हणून लढाईतसुद्धा मी हलत नव्हतो. पूर्ण गेमभर त्याचा नायक गेराल्ट आपल्या मानलेल्या पोरीला, म्हणजे सिरीला, शोधत हिंडते न, आणि इकडे माझी मांडीवर. त्या धुक्याच्या बेटावर शेवटी ती सापडते तेव्हा मी रडलो होतो राजेहो, खरंच सांगून राहिलो.

आता नवीन गेममध्ये तीच सिरी एकटी निघाली आहे, बापाचं बोट सोडून. म्हणून वाटलं धागा काढावा. प्रीव्ह्यू पाहून ज्याला जे जुनं आठवलं असेल ते लिहा, दोन ओळी लिहिल्या तरी चालेल.

कुकरची_शिट्टी

पोळ्या लाटता लाटता लिहून राहिले, चुका समजून घ्या. मला तं बाप्पा विचर ३ मधला तो बर्फाचे गोळे मारायचा सीन आठवला. विचर लोकांच्या किल्ल्याची, केअर मोरहेनची लढाई झाली, गेराल्टचा गुरू व्हेसेमिर गेला, सिरी मनातून पार खचलेली आहे आणि गेम तुम्हाला विचारतो की तिला काय म्हणाल. एक उत्तर असं की जाऊ दे, सगळंच काही जमायला पाहिजे असं नाही. ऐकायला किती समजूतदार वाटते न? आणि दुसरं म्हणजे चल बाहेर, आणि मग दोघं बर्फात एकमेकांना गोळे मारत सुटतात. मी दुसरं घेतलं कारण माझे बाबा तसेच होते, दहावीत गणिताचा पेपर वाईट गेला तेव्हा त्यांनी एक शब्द विचारला नाही, स्कूटरवर बसवून फुटाळ्याला नेलं आणि भुट्टा खाऊ घातला. नंतर कळलं की शेवटी सिरी जगेल की नाही ते अशाच लहान लहान उत्तरांवर ठरते. तलवारबाजी कितीही चांगली करा, त्याचा तिथे उपयोग नाही. कोणत्या गेमनं असं केलं होतं सांगा? थांबा शिट्टी झाली

शून्यसातशेबारा

शिट्टी झाली 😄 ताई गॅस बंद करून या, आम्ही इथेच आहो.

बाकी मले काय आठवलं तं ट्रेलर आल्यावरची बोंबाबोंब. सिरीचा चेहरा बदलला म्हणे. अबे, पोरगी मोठी झाली, जगभर फिरून राक्षस मारून राहिली, तिचा चेहरा तसाच कसा राहीन? आमच्या ग्रुपवर दोन गट पडले होते, एक म्हणे गेराल्टशिवाय विचर नाहीच, मी म्हटलं गेराल्टचा आवाज काढणाऱ्या डग कॉकलनंच सांगितलं नं भाऊ की तो आहे गेममध्ये, फक्त मुख्य पात्र तो नाही. तरी ऐकत नव्हते. शेवटी चहाच्या टपरीवर पोट्टे हमरीतुमरीवर आले, टपरीवाला काका म्हणे कोण सिरी, कोणाची पोरगी आहे, लग्नाचं आहे का?

बर्डीवाला

काका 😂😂

ताई, तुमच्या बाबांचं वाचून खूप बरं वाटलं.

घाटरोडवरून

मी जरा तांत्रिक बोलतो. जून २०२५ ला ऑरलँडोला अनरिअलच्या (ज्या इंजिनवर, म्हणजे सॉफ्टवेअरवर, हा गेम बनतो) कार्यक्रमात विचर ४ चा जो डेमो दाखवला तो किती लोकांनी नीट पाहिला माहीत नाही. गेममधल्या कोविर प्रदेशाचे डोंगर, वाल्ड्रेस्ट गावाचा बाजार, आणि हे सगळं साध्या पीएस५ वर सेकंदाला ६० फ्रेमवर, तेही रे ट्रेसिंगसकट (खऱ्यासारखा उजेड-सावली). सिरीची ती केल्पी घोडी पळते तेव्हा कातडीखाली स्नायू हलताना दिसतात, खांद्यापाशी बघा, मी तेवढाच तुकडा परत परत पाहिला. मी लहानपणी तान्ह्या पोळ्याच्या मिरवणुकीत आमचा लाकडी नंदी घेऊन जायचो तेव्हा खरे बैल अगदी जवळून पाहिलेले, बैल पाय उचलतो तेव्हा वशिंडाखालची कातडी अशीच थरथरते. ज्याने हे केलं तो माणूस जनावराजवळ उभा राहिलेला आहे.

पण एक लक्षात ठेवा, तो टेक डेमो होता, गेमप्ले नव्हे. गेम काढणाऱ्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीने स्वतःच तसं सांगितलं आहे. आणि ट्रेलर तर प्री-रेंडर्ड, म्हणजे आधीच बनवून ठेवलेला व्हिडिओ. आधी त्यांचं स्वतःचं रेड इंजिन होतं, २०२२ मध्ये त्यांनी अनरिअल ५ वर जायचं जाहीर केलं, म्हणजे सगळी टीम नवीन हत्यारं शिकून राहिली आहे. वेळ लागणारच.

मेडिकल_चौक

+१ घाटरोड. वाचतोय, ड्युटीवर आहे, रात्री लिहितो.

महालची_लेक

मला ते गाव पाहिल्याबरोबर मारबत आठवली. ट्रेलरमधल्या गावकऱ्यांना वाटते एक पोरगी दिली की संकट टळेल. आणि आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काय करतात? काळी मारबत, पिवळी मारबत, कागद-बांबूच्या, पंधरा-वीस फुटी, रस्त्यानं मुंगीला वाट नाही एवढी गर्दी आणि सगळे ओरडून राहिले, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" मी आजोबांच्या खांद्यावर बसून पाहायची. घाबरायची पण आणि उतरायचं पण नाही म्हणायची. आपल्या लोकांनी गावाचं सगळं वाईट त्या पुतळ्यावर घातलं आणि पुतळा जाळला, जिवंत पोरीवर नाही घातलं. मला याचा अभिमान वाटतो. शंभर वर्षांहून जुनी परंपरा आहे ही.

आणि बडगे! त्या त्या वर्षी जे काही लोकांना छळून राहिलं असेल त्याचा बडग्या. लहानपणी मला वाटायचं की रात्री ही मारबत जागी होऊन इतवारीतून फिरते. कोणीतरी यावर गेम काढायला पाहिजे हो, त्या पोलंडच्या लोकांनी आपल्या आजीच्या गोष्टी घेऊन अख्खं जग उभं केलं न.

आजोळ_उमरेड

महालची लेक, अगदी अगदी. अवांतर होईल पण लिहितोच. माझ्या आजोबांना चकवा लागला होता. उमरेडच्या पुढे आमचं शेत, संध्याकाळी बैलगाडी घेऊन निघाले, रोजचा रस्ता, आणि रात्रभर त्याच त्या मोहाच्या झाडापाशी परत येत राहिले. पहाटे कोंबडा आरवला तेव्हा पाहते तं गाव समोर. आजी सांगायची की त्यांनी धोतर सोडून उलटं नेसलं तेव्हा चकवा सुटला. आजोबा यावर कधीच काही बोलले नाहीत, नुसते सुपारी कातरत बसायचे, म्हणून आम्हाला ते जास्तच खरं वाटायचं.

विचर ३ मध्ये लेशेन आहे, झाडासारखा, डोक्याच्या जागी हरणाची कवटी, जंगलाचा मालक. पहिल्यांदा तो समोर आला, कावळे उडाले आणि जमिनीतून मुळं वर यायला लागली तेव्हा मी रूमवर एकटा होतो, हिंगण्याला, आणि मी सरळ गेम बंद करून आजीला फोन लावला. ती म्हणे काऊन रे एवढ्या रात्री, जेवला का? म्हटलं आजी चकव्याची गोष्ट सांग. तिनं पूर्ण सांगितली, पार सुपारीपर्यंत. ती आता नाही. नव्या ट्रेलरमध्ये ते अंधारातलं जंगल पाहिलं की तिचा आवाज कानात येते.

कुकरची_शिट्टी

आले परत. उमरेड भाऊ, डोळ्यात पाणी आणलं तुम्ही. आज्या अशाच असतात, आधी जेवला का.

पुण्यात_अडकलेला

इथे सगळे बर्डी, फुटाळा, इतवारी करून राहिले आणि मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसून वाचतोय. गेमचं नंतर बोलू, आधी मला कोणीतरी तर्री पोह्याचा फोटो टाका. इथे पोह्यावर शेव टाकतात आणि म्हणतात झालं. चण्याची तर्री मागितली तर माझ्याकडे असं बघतात.

शून्यसातशेबारा

उद्या सकाळी टाकतो भाऊ, तर्रीवर तेल दिसल असा. तू दिवाळीत ये, सावजीला जाऊ.

मराठी_मीडियम

मी कधी लिहित नाही पण आज लिहितो. मी झेडपीच्या शाळेतला, काटोल साइडचा. नागपूरला पॉलिटेक्निकला आलो तेव्हा इंग्रजी बोलायला लागलं की घाम फुटायचा. रूम पार्टनरकडे लॅपटॉप होता, तो झोपला की मी खेळायचो, सेटिंग सगळ्यात खाली, तरी पंखा गरगर करायचा. हेडफोन लावून सबटायटल वाचत. विचर ३ मधला बॅरनचा तो भाग, दारुडा नवरा, मार खाणारी बायको, न जन्मलेलं बाळ जमिनीत पुरलेलं आणि त्याचा राक्षस झालेला, बॅरन त्याला हातात उचलून घराकडे नेतो आणि ते मध्येच चवताळते, मग गेराल्टला थांबून शांत करावं लागते. हे सगळं समजलं पाहिजे म्हणून एकेक वाक्य थांबवून डिक्शनरीत पाहिलं. आमच्या गल्लीत असं घर होतं. ती काकू तोंड झाकून नळावर यायची, सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे गप्प. बर्डीवाला दादा, तुमच्या पोरीनं जे विचारलं न, ते मी त्या गेममुळे पहिल्यांदा स्वतःला विचारलं.

पुढे इंटरव्ह्यूला इंग्रजीत बोललो, लागलो बुटीबोरीला. आता स्वतःचा पीसी आहे. विचर ४ आला की पहिल्या दिवशी रजा टाकणार, सुपरवायझरला आत्ताच सांगून ठेवलं आहे.

बर्डीवाला

भाऊ, तुम्ही लिहिलं ते फार मोलाचं आहे. पोरीला वाचून दाखवतो संध्याकाळी.

महालची_लेक

मराठी मीडियम 🙏🙏 लिहित जा हो.

थोडं_थांबा

सगळ्यांच्या भावना समजतात, माझ्याही आहेत, पण मला काळजी वाटते. याच कंपनीचा सायबरपंक २०७७ गेम आठवा. २०१३ ला पहिला टीझर, मग वर्षानुवर्षं नुसती वाट, १० डिसेंबर २०२० ला आला आणि जुन्या कन्सोलवर इतका वाईट चालला की सोनीनं आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. नंतर त्यांनी दुरुस्त केला, त्याचा पुढचा जोडभाग फँटम लिबर्टी तर फारच सुंदर, ते श्रेय द्यायलाच पाहिजे. विचर ३ ला सुद्धा सात वर्षांनी, २०२२ ला, फुकट अपडेट दिलं. म्हणजे माणसं मनापासून काम करणारी आहेत. म्हणूनच म्हणतो की घाई करू नका, २०२६ संपेपर्यंत येणार नाही असं त्यांनी आधीच सांगितलं आहे, त्याहून उशीर झाला तरी मला चालेल. पण सहा वर्षांत विचरचे तीन गेम काढायचा त्यांचा प्लॅन आहे, त्याची मला खरी भीती वाटते. एक नीट काढा.

घाटरोडवरून

तीन गेमबद्दल सहमत. पण पहिला गेम उभा राहिला की इंजिन तेच, साहित्य तेच, पुढचे दोन लवकर होऊ शकतात. विचर २००७ चा पहिला, २०११ चा दुसरा, २०१५ चा तिसरा, दर वेळी चार वर्षं लागली होती.

शून्यसातशेबारा

कोणी सिरीच्या त्या लॉकेटबद्दल बोललंच नाही! लिंक्सचं (रानमांजराचं) आहे, गेराल्टसारखं लांडग्याचं नाही. २०२२ ला बर्फातला फोटो टाकला होता तेव्हाच मी म्हटलं होतं हे विचरांचं काहीतरी नवीन घराणं आहे. आणि ट्रेलरमध्ये ती काढा पिते, डोळे मांजरासारखे होतात, म्हणजे ती विचर बनायची गवताची परीक्षा देऊन आली. ज्याच्यात बहुतेक पोरं मरतात ती परीक्षा, आणि ती मोठेपणी दिली, पोरगी असून. कोणी दिली तिला? गेराल्ट हो म्हणाला असन का? मले नाही वाटत.

कुकरची_शिट्टी

कोणता बाप हो म्हणेल? तिनं न विचारता केलं असणार. माझ्या बाबांना मी हॉस्टेलला जाते म्हटलं तेव्हा तेही नाहीच म्हणाले होते, मी फॉर्म भरून आले. मग बॅग तेच भरून देत होते. मला तर तेच पाहायचं आहे गेममध्ये, गेराल्ट आणि ती पहिल्यांदा भेटतात तेव्हा तो तिच्या डोळ्यांकडे पाहून काय बोलतो. बाकी राक्षस-बिक्षस नंतर.

मेडिकल_चौक

ड्युटी संपली. सगळं वाचलं, माझं लिहायचं उद्यावर, डोळे मिटून राहिले. एवढंच विचारतो, पीएस५ घेऊन ठेवू का आत्ता? बर्डीवर एक जण सेकंडहँड देऊन राहिला आहे, आणि कूलरचा पंप पण गेला आहे, दोन्ही या महिन्यात जमत नाही.

घाटरोडवरून

पंप घे आधी, मे महिना काढायचा आहे. आणि जुना पंप फेकू नको, जाळीत क्षार अडकले असतील तर व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून पाहा. पीएस५ ची घाई नको, गेमची तारीख जाहीर होऊ दे. सेकंडहँड घेशील तेव्हा मला सांग, मी येतो सोबत, तासभर चालवून, गरम होते का पाहून मगच पैसे देऊ.