निवाऱ्यात खाट हवी तर आधी नशा सुटलेली असावी का?

रेरोडवाला
थेट मुद्द्यावर येतो. बेघरांसाठी लाख वस्तीमागे एक निवारा, तोही चोवीस तास आणि बारा महिने, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगून झालं. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबई सव्वा कोटीची, म्हणजे सव्वाशेच्या घरात निवारे हवेत. आपण त्याच्या जवळपासही नाही. खाटा इतक्या मोजक्या असताना त्या आधी नशा सोडलेल्याला मिळाव्यात, असं माझं मत.

निवारा म्हणजे काही खोल्या नव्हेत, एक हॉल. नियमाने माणशी ५० चौरस फूट आणि किमान ५० माणसांची सोय. त्यात एकाने संडासात पन्नी पेटवली, म्हणजे चांदीच्या कागदावर गर्द (ब्राउन शुगर) ओढला, की वास हॉलभर. ज्याला सोडून तीनच आठवडे झालेत त्याला त्या वासानेच घाम फुटतो. मग मोबाइल जातात, चपला जातात, आणि हमाली करून दमून आलेला माणूस वैतागून पुन्हा पुलाखाली झोपायला जातो. आधी दहा दिवस रुग्णालयात काढावेत, मग खाट. यात अन्याय काय?

परळनाका
"दहा दिवस रुग्णालयात" हे बोलायला सोपं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं आणि सज्ञान माणूस स्वतःच्या सहीने दाखल होऊ शकतो. प्रत्यक्षात खिडकीवर पहिला प्रश्न असतो, "सोबत कोण आहे?" दुसरा आधार कार्ड, तिसरा फोन नंबर. फुटपाथवरच्या माणसाकडे तिन्ही नसतात. पालिकेची गाडी सामान उचलते तेव्हा गोधडीबरोबर कागदांची पिशवीही जाते.

उरला फुटपाथवरच सोडण्याचा मार्ग. गर्दाची शेवटची पुडी ओढून आठ-बारा तास झाले की जांभया, नाक-डोळे गळणं सुरू. मग अंगावर काटा, पायांत गोळे, उलट्या, जुलाब. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट, आठवड्याने उतार. जुलाब लागलेल्याला रात्री जायचं कुठे? सार्वजनिक शौचालयात दर खेपेला सुटे पैसे, आणि तेही रात्रभर उघडं असेल तर. साखर-मीठ घातलेलं लिटरभर पाणी करायचं तर बाटली आणि स्वच्छ पाणी लागतं. त्यापेक्षा एक पुडी ओढली की काही मिनिटांत सगळं थांबतं. या त्रासालाच टर्की म्हणतात, आणि नशा सुटत नाही ती अशी. म्हणजे तुमची अट पुरी करायला आधी तुमचाच हॉल लागतो.

सुलभवाचक
परदेशात आधी घर, मग उपचार असं करतात ना? न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून चालू आहे म्हणे.

रेरोडवाला
हो, पण तिथे माणसाला स्वतःची खोली देतात, स्वतःच्या कुलपाची. त्याने आत काय केलं त्याचा त्रास शेजारच्या ४९ जणांना होत नाही. मुंबईत तो दाखला देऊ नका. इथे खोली परवडत असती तर नोकरदार माणसं डोंबिवलीहून लटकत आली नसती.

गोळीखिडकी
दोघांच्या मधली एक गोष्ट राहून गेली. ब्युप्रेनॉर्फिन, गर्दाच्या जागी द्यायची औषधाची गोळी. गर्द आणि सुईवाल्यांसाठी 'सोडून ये' आणि 'ओढत राहा' यांच्या मधला रस्ता हाच.

पहिला डोस टर्की चढल्यावरच द्यायचा. अंगात गर्द असताना दिला तर तो गर्दाला ढकलून काढतो आणि तासाभरात भयंकर टर्की येते. माणूस "तुमच्या गोळीनेच मारलं" म्हणत निघून जातो, परत येत नाही. गोळी कुटून जिभेखाली ठेवतात, पाच-दहा मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही. गिळली तर यकृतात बरीचशी वाया जाते. आणि सहसा रोज यायचं, कारण केंद्रात डोस बहुतेकांना समोर घ्यावा लागतो.

इथेच बेघराचं गणित फसतं. नाक्यावर मजूर सकाळी सात ते नऊ उचलतात आणि केंद्राची खिडकी सहसा उघडते त्यानंतर. म्हणजे डोस किंवा मजुरी, दोन्ही नाही. एखादा दिवस चुकला तर गोळीचा असर लांब असल्यामुळे निभतं. चार-पाच दिवस लॉकअपमध्ये गेले तर पुन्हा कमी डोसपासून सुरुवात. टीबीचं औषध चालू असेल तर तेही केंद्रात सांगायचं. रिफाम्पिसिनमुळे गोळीचा जोर कमी होतो, माणसाला वाटतं डॉक्टरने डोस कापला.

शिवाय नाकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची) ही केंद्रं मुळात सुईने घेणाऱ्यांसाठी. पन्नीवाला मनोविकार विभागाच्या रांगेत.

कडकशिस्त
म्हणजे एक नशा जाऊन सरकारी नशा. आणि एमडीवाल्याचं, म्हणजे मेफेड्रोनवाल्याचं काय? व्हाइटनर हुंगणाऱ्या पोरांचं काय? बटनवाल्यांचं, झोपेच्या गोळ्या खाणाऱ्यांचं? त्यांना कुठली गोळी आहे? आज फुटपाथवर या चौघांची भेसळ आहे. तुम्ही एकट्या गर्दुल्ल्याचा हिशेब मांडताय.

परळनाका
एमडी आणि व्हाइटनरला बदली गोळी नाही, बरोबर. पण बटन, म्हणजे नायट्राझेपाम, हा तुमच्या बाजूचा नाही, आमच्या बाजूचा दाखला आहे. महिनोन्‌महिने घेतलेली बटनं एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. जास्त दारूचंही तेच. ती डॉक्टरने टप्प्याटप्प्याने उतरवायची असतात. दारात "सोडून या" सांगणं म्हणजे त्याला फिट रस्त्यावर येऊ द्या म्हणणं.

झोपेचंही आहे. गर्द सुटल्यावर झोप कित्येक आठवडे नीट येत नाही. फुटपाथवर त्यात डास, हॉर्न, दंडुका. मग झोपेसाठी बटन, त्यावर क्वार्टर, आणि अंगात ब्युप्रेनॉर्फिन. तिन्ही मिळून श्वास मंदावतो.

रेरोडवाला
मग नियम सांगा. भावना नको. हॉलमध्ये घेतलेला सापडला तर काय करायचं?

गोळीखिडकी
त्याच रात्री हाकलायचं नाही. हे एवढं तरी मान्य करा. दोन-तीन आठवडे बंद असलेल्याचं शरीर जुनी मात्रा झेलत नाही आणि रागाने बाहेर पडलेला माणूस जुन्याच हिशेबाने घेतो. ओव्हरडोस होतात ते असे, तुरुंगातून सुटल्यावरही असेच. माल काढून घ्या, दाराजवळच्या खाटेवर कुशीवर झोपवा. घोरण्यासारखा घरघर आवाज, ओठ निळे, हाक मारून हलत नाही: १०८. रुग्णालयात नॅलोक्सोनचं इंजेक्शन देतात, पण त्याचा असर गर्दापेक्षा आधी उतरतो, म्हणून तासाभरात उठून चालू लागला तरी सोडायचं नाही. दुसऱ्यांदा सापडला तर दुसऱ्या निवाऱ्यात हलवा. विकताना सापडला तर मात्र बाहेर, त्यात चर्चा नाही.

आणि प्रत्येकाला कुलपाची पेटी. कागद राहतात, फोन राहतो, निम्म्या चोऱ्या तिथेच संपतात.

कडकशिस्त
कुशीवर कोण झोपवणार? रात्रपाळीला एक केअरटेकर. दाराजवळची खाट बघायची, की संडास, की भांडण सोडवायचं? आधी रात्रीला दोन माणसं लावून दाखवा, त्यातला एक श्वास मोजायला शिकलेला. तोवर माझं मत रेरोडवाल्यांबरोबर.

परळनाका
दोन माणसांची मागणी मान्य. पण ती मंजूर होईपर्यंत खाट रिकामी ठेवायची की नाही, ते तुम्ही अजून सांगितलं नाही.

रेरोडवाला
रिकामी नाही. गोळी चालू असलेल्याला द्या, केंद्राचं कार्ड दाखवलं की बस. पन्नी चालू असलेल्याला नाही.

गोळीखिडकी
चालेल, पण कार्डावर शेवटच्या डोसची तारीख बघा, नुसतं कार्ड नको. आणि पन्नीवाल्याला नाकोचं कार्ड मिळत नाही हे वर लिहिलंय. त्याला ओपीडीचा केसपेपर चालवून घ्या.